परांचीचा दर वेगळा लिहा

पावसाळा ओसरला की मुंबई-ठाण्यातल्या सोसायट्यांत बाहेरच्या दुरुस्तीची कामं निघतात. ओल झिरपलेल्या भिंती, फुगून सुटलेलं प्लास्टर, छज्ज्याच्या पोटातून बाहेर आलेल्या गंजक्या सळ्या, आणि सगळ्यात शेवटी रंग. अशा कामांची टेंडरं तयार करायची आणि पुढे साइटवर देखरेख करायची हा माझा व्यवसाय असल्यामुळे ठेकेदारांची दरपत्रकं सतत डोळ्यांखालून जातात. त्यांत सिमेंट कुठल्या कंपनीचं, वॉटरप्रूफिंगचं रसायन किती टक्के, रंगाचे हात किती, हे सगळं तपशिलात लिहिलेलं असतं. ज्याच्यावर उभं राहून हे सारं काम होणार आहे त्या परांचीला मात्र स्वतःची ओळ नसते. ती प्लास्टरच्या चौरस फुटाच्या दरात मिसळून टाकलेली असते. माझं म्हणणं असं की दुरुस्तीच्या कामांतल्या बऱ्याच अपघातांची तयारी इथेच, कागदावर होते. परांची ही स्वतंत्र सेवा म्हणून घेतली पाहिजे: तिचा दर वेगळा, नकाशा वेगळा, तिची जबाबदारी घेणारा माणूस वेगळा आणि तपासणीची वहीही वेगळी.

दर एकत्र असला म्हणून काय बिघडतं, असं कमिटीतले लोक विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. बिघडतं ते स्पर्धेमुळे. पाच ठेकेदार दर भरतात. सिमेंट सगळ्यांना साधारण एकाच भावात मिळतं, रंगाच्या किमती ठरलेल्या, गवंड्याची आणि बिगाऱ्याची मजुरी नाक्यावर ठरते. मग सर्वांत कमी दर भरणाऱ्याने बचत करायची तरी कुठे? जे काम संपल्यावर जागेवर उरत नाही तिथे. प्लास्टर भिंतीवर राहतं, त्यावर हातोडी वाजवून ते पोकळ आहे का हे दोन वर्षांनीही कळतं. परांची उतरवून ट्रकमध्ये गेली की तिच्यात किती पाईप कमी होते, किती ठिकाणी ती भिंतीशी बांधलेलीच नव्हती, हे सांगायला काही शिल्लक राहत नाही. काम निर्धोक पार पडलं तर ती चांगलीच होती असं सगळे धरून चालतात. शिवाय या बचतीचा फायदा सोसायटी आणि ठेकेदार वाटून घेतात, आणि तिचा धोका सर्वसाधारण सभेत कधीच नसलेला एक तिसरा माणूस घेतो. पैसे वाचवणारा आणि पडणारा वेगवेगळा असला की बाजार आपोआप सुरक्षिततेकडे जाईल ही आशा फोल ठरते. तिथे करारानेच आडवं यावं लागतं.

नव्या बांधकामापेक्षा दुरुस्तीची परांची जास्त अवघड असते, हे इंजिनिअर मंडळीही कधीकधी विसरतात. नव्या इमारतीत काँक्रीट ताजं आणि मजबूत असतं, परांची त्याला भक्कम बांधता येते. दुरुस्तीच्या इमारतीत मुळात आजारच काँक्रीटला झालेला असतो. मुंबईत तीस वर्षांवरच्या इमारतींना पालिका कायद्याच्या ३५३-ब कलमाखाली स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं लागतं. या ऑडिटच्या अहवालात छज्जे, बाल्कन्यांच्या कडा आणि बाहेरचे कॉलम यांच्यावर लाल खुणा असतात. मग परांचीवाले येतात आणि जिथे आयता टेकू मिळेल तिथे टेकवतात. म्हणजे नेमके त्याच छज्ज्यांवर उभे बांबू ठेवले जातात, आणि आडवा आधार म्हणून खिडकीच्या ग्रिलला काथ्याने बांधलं जातं. ते ग्रिल चार स्क्रूंवर उभं असतं, स्क्रू प्लास्टिकच्या गट्ट्यात असतात, आणि गट्टा ज्या प्लास्टरमध्ये ठोकलेला असतो ते फोडून काढण्यासाठीच तर परांची बांधलेली असते. खालून पाहणाऱ्याला ही सारी बांधणी गच्च दिसते. गवंडी सकाळी छिन्नी-हातोडा घेऊन चढतो आणि आपल्याच परांचीचा आधार फोडत खाली येतो. असं होऊ नये म्हणून टाय, म्हणजे परांचीला इमारतीशी बांधून ठेवणारा आधार, कुठल्या कॉलमला, कुठल्या बीमला, किती खोल अँकर मारून घ्यायचा, आणि तो भाग दुरुस्त करायची वेळ आली की पर्यायी टाय आधी कुठे बसवायचा, हे नकाशावर असावं लागतं. प्लास्टरच्या चौरस फुटाच्या दरात हा नकाशा कोणीही काढून देत नाही, कारण त्याचे पैसे कोणी मागितलेले नसतात आणि कोणी दिलेलेही नसतात.

जमिनीवरही हीच कथा. सोसायटीच्या आवारात पेव्हर ब्लॉक बसवलेले असतात, आणि त्यांच्याखाली कुठे ड्रेनेजचे चेंबर, कुठे सेप्टिक टँक, कुठे पाण्याच्या भूमिगत टाकीचा स्लॅब. परांचीचा उभा पाईप या आवारात जिथे टेकतो तिथे लोखंडी बेस प्लेट, आणि तिच्याखाली जाड लाकडी फळी हवी, म्हणजे भार पसरतो. पाईप नुसताच पेव्हरवर टेकवला तर भार तळहाताहूनही लहान जागेत एकवटतो. कोरड्या दिवसांत काही कळत नाही. एखादा अवकाळी पाऊस झाला, खालची माती बसली, की एक पाय चार बोटं खचतो आणि त्याच्या वाट्याचं वजन शेजारच्या पायांवर जातं. आवारातल्या टाक्या आणि चेंबर कुठे आहेत हे सोसायटीच्या जुन्या वॉचमनला किंवा प्लंबरला ठाऊक असतं. परांचीवाल्याला ते कोणी सांगत नाही. चांगला परांची ठेकेदार दर देण्याआधी आवार चालून पाहतो आणि हेच विचारतो. फोनवर इमारतीचे मजले विचारून दर सांगणाऱ्यापेक्षा असा माणूस महाग असणार, हे उघड आहे.

आता मालाविषयी. स्टीलच्या परांचीचा पाईप बाहेरून ४८.३ मिलिमीटर व्यासाचा असतो. क्लॅम्प त्याच मापाचे असल्याने बाहेरच्या मापात लबाडी करता येत नाही. ती आतून होते. पाईपच्या पत्र्याची जाडी ३.२ मिलिमीटर असेल तर तीन मीटरचा पाईप साधारण साडेदहा किलोंच्या पुढे भरतो. पत्रा २ मिलिमीटरचा असेल तर तोच पाईप सात किलोंच्या आत येतो. दिसायला दोन्ही सारखे, रंगही तोच. म्हणून परांचीचा माल गेटवर आला की भंगारवाल्याच्या ताणकाट्यावर दोन-चार पाईप टांगून पाहावेत. दहा मिनिटांचं काम आहे, त्याला इंजिनिअर लागत नाही. वजनाच्या जोडीला डोळ्यांनी पाहायच्या गोष्टी: वाकलेले पाईप, जोडावर नव्याने मारलेलं वेल्डिंग, पेच झिजलेले क्लॅम्प, टोकाशी चेपलेली तोंडं. भाड्याचा माल शंभर साइट्स फिरून आलेला असतो, त्यामुळे थोडा गंज दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही. वाकलेला उभा पाईप मात्र जागच्या जागी परत पाठवायचा. उभ्या दांड्याची सगळी ताकद त्याच्या सरळपणात असते, आणि किंचित बाक आला तरी त्याची भार पेलण्याची क्षमता झपाट्याने उतरते.

परांची कोसळण्यामागे माल खराब असण्यापेक्षा तिच्यावर ठेवलेलं ओझं आणि सोडवलेले टाय ही कारणं मला जास्त वजनदार वाटतात. परांचीवर दोन माणसं आणि घमेलं असणार एवढाच हिशोब सगळे मनात धरतात. प्रत्यक्षात फोडलेलं प्लास्टर आणि काँक्रीटचे तुकडे पडतात ते फळ्यांवरच. ते दिवसाच्या दिवस पोत्यांत भरून उतरवायचे असतात, पण उतरवायला वेगळा बिगारी लागतो, म्हणून ते साचत राहतात. युरोपीय मानकात सर्वसाधारण कामाच्या परांचीसाठी धरलेला भार दर चौरस मीटरला दोन किलोन्यूटन, म्हणजे सुमारे दोनशे किलो आहे. डेब्रिजचा पंधरा सेंटीमीटरचा थर एकटाच एवढं वजन भरतो, आणि त्यावर माणसं, सिमेंटची गोणी, पाण्याचं पिंप अजून यायचंच आहे. आपल्याकडच्या कितीतरी परांच्यांचं असं गणित मुळात मांडलेलंच नसतं, मग किती भार चालेल हे गवंड्याने कुणाला विचारावं? परांची देणाऱ्याने प्रत्येक टप्प्याला किती किलो चालतील हे मोठ्या आकड्यांत पाटीवर लिहून लावलं पाहिजे, तेही हिंदीत आणि बंगालीतही, कारण वर काम करणारी बरीच मुलं बंगाल, बिहार आणि उत्तर प्रदेशातून आलेली असतात.

इथे पहिला आणि सगळ्यात मनापासून घेतलेला आक्षेप येतो: पिढ्यान् पिढ्या बांबूच्या परांच्यांवर मुंबई उभी राहिली, तेव्हा कोणी नकाशे काढले होते? या आक्षेपात बांबू बांधणाऱ्या कारागिरांविषयीचा आदर आहे, आणि तो मलाही आहे. कमरेला काथ्याची गुंडाळी लावून, एका पायाच्या विळख्यावर तोल सांभाळत दोन हातांनी गाठ मारणारा माणूस पाहिला की त्याचं कसब कबूल करावंच लागतं. बांबू हलका आहे, लवचीक आहे, बोळातल्या वेड्यावाकड्या भिंतीशी तो स्टीलपेक्षा चांगला जुळवून घेतो. माझा वाद बांबूशी नाही. हाँगकाँगमध्ये गगनचुंबी इमारतींनाही बांबूच्या परांच्या बांधल्या जात आल्या, पण तिथे बांबू बांधणाऱ्याला प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि दर चौदा दिवसांत जाणकाराने परांची तपासून सही केल्याशिवाय तिच्यावर काम करता येत नाही. आपण बांबू घेतला, ही शिस्त घेतली नाही. आपल्या कारागिराचं कसब त्याच्या हातात आहे, पण काथ्या चार पावसाच्या सरी आणि चार महिन्यांचं ऊन खाऊन सैल झाला की पुन्हा ताणून बांधायला त्याला कोणी बोलावत नाही. तो बांधून, पैसे घेऊन दुसऱ्या साइटवर गेलेला असतो. त्याच्या कसबावर विश्वास आहे तर त्याला वेळोवेळी परत बोलावण्याची तरतूदही करारात असेल तर बांबूची परांचीही चालेल, निदान चार-पाच मजल्यांपर्यंत. त्याहून उंच इमारतीला मी स्टीलचाच आग्रह धरते.

त्याच हाँगकाँगने दुसरा, फार भयंकर धडाही दिला आहे. २६ नोव्हेंबर २०२५ रोजी ताई पो भागातल्या वांग फुक कोर्ट या वसाहतीला आग लागली. आठ उंच इमारती, आत राहती कुटुंबं, बाहेर दुरुस्तीसाठी बांधलेली परांची आणि तिच्यावर हिरवी जाळी. आठपैकी सात इमारती पेटल्या आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. सुरुवातीला बोट बांबूकडे दाखवलं गेलं. तपासात पुढे आलं ते असं की काही ठिकाणची जाळी आगरोधक नव्हती आणि खिडक्यांवर फोमचे ज्वालाग्राही पत्रे लावलेले होते. आपल्या सोसायट्यांतली कामंही याच जातीची: लोक आत राहत असताना बाहेरून झाकलेली इमारत. आपल्याकडे जाळी ठरते ती रंगावर आणि मीटरच्या भावावर. ती आगरोधक आहे का, त्याचं प्रमाणपत्र आहे का, हे विचारणारी कमिटी विरळा. गवंडी वर बिडी ओढतात, एसीचं काम करणारा गॅसची टॉर्च पेटवतो, आवारात दिवाळीचे फटाके वाजतात. जाळीचा तुकडा कापून, आवाराबाहेर नेऊन, चिमट्यात धरून काडी लावून पाहणं एवढी साधी परीक्षाही खूप काही सांगते: चांगली जाळी ज्योत काढून घेतली की विझते, वाईट जाळी पेटत राहून थेंब गाळते. प्रमाणपत्राची जागा ही परीक्षा घेऊ शकत नाही, पण खोटं प्रमाणपत्र पकडू शकते. जाळीची दुसरी गोष्ट वाऱ्याची. उघड्या परांचीतून वारा निघून जातो, जाळी लावली की तीच परांची गलबताच्या शिडासारखी वारा धरते. म्हणून जाळी लावायची असेल तर टाय वाढवावे लागतात. परांची बांधून झाल्यावर, रहिवाशांनी धुळीची तक्रार केली म्हणून आठवड्याने जाळी चढवायची आणि टाय तितकेच ठेवायचे, हे मे महिन्याच्या वादळी संध्याकाळपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

दुसरा आक्षेप पैशांचा, आणि तो झिडकारून चालणार नाही. ज्या सोसायटीचा सिंकिंग फंड आटलेला आहे, जिथे निवृत्त माणसं पेन्शनमधून वर्गणी भरतात, तिथे लाख-दोन लाखांचा फरकही बोचतो. समजा, चाळीस सदनिकांच्या इमारतीला नीट आखलेल्या, तपासलेल्या परांचीमुळे चार लाख जास्त लागले. प्रत्येक घराच्या वाट्याला दहा हजार येतात. ही रक्कम लहान नाही, पण दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहावं. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने घालून दिलेल्या सूत्राप्रमाणे, पंधरा हजारांची वेतनमर्यादा धरून, तीस वर्षांच्या कामगाराच्या मृत्यूची भरपाई साडेपंधरा लाखांच्या वर जाते. त्या कुटुंबाचं जे गेलं त्याची ही किंमत आहे असं मुळीच नाही. कमिटीसमोर पैशांची भाषा बोलायची तर हा आकडाही त्याच वहीत मांडला पाहिजे, एवढंच. आणि एक गोष्ट अशी की दर वेगळा लिहिला म्हणजे एकूण खर्च नेहमी वाढतोच असं नाही. परांचीचं भाडं महिन्यावर असतं हे एकदा कागदावर दिसलं की रंगाची छटा ठरवायला सभासद तीन आठवडे घेत नाहीत. मिसळून टाकलेल्या दरात हा वेळेचा खर्च ठेकेदार गुपचूप सोसत असतो आणि मग परांचीचेच पाईप दुसऱ्या साइटवर हलवून भरून काढत असतो.

तिसरा आक्षेप वकिली थाटाचा असतो: जबाबदारी ठेकेदाराची, करारात तसं लिहिलंय, आम्ही कशाला त्यात पडायचं? कायद्याचा कल याच्या उलट आहे. बांधकाम कामगारांसाठीचा १९९६ चा कायदा, जो आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षाविषयक संहितेत सामावला आहे, दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कामांना लागू होत आला, आणि त्याखालच्या नियमांत परांचीवर एक संपूर्ण प्रकरण आहे. भारतीय मानक ३६९६ परांच्या आणि शिड्यांच्या सुरक्षेविषयीच आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमात पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे, आणि अपघातानंतर पोलीस फिर्याद लिहितात तेव्हा करारातलं ते वाक्य वाचून सेक्रेटरीला घरी पाठवतीलच याची खात्री कोणी देऊ नये. पण मला भीतीचा मुद्दा पुढे करायचा नाही. आवार सोसायटीचं, ठेकेदार निवडला सोसायटीने, सर्वांत कमी दर स्वीकारला सोसायटीने. ज्या दरात परांची नीट होऊच शकत नाही तो दर स्वीकारताना आपण काय स्वीकारतो आहोत हे कळण्याइतकी माहिती कमिटीला असलीच पाहिजे, आणि ती मिळवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे तो दर वेगळा मागणं. पाच दरपत्रकांत परांचीचे पाच आकडे समोर आले की त्यातला एक इतरांच्या निम्म्यावर का आहे, हा प्रश्न कुणीही विचारू शकतो.

आणखी एक बोलणं सर्रास ऐकू येतं: बेल्ट दिले तरी ही मुलं घालतच नाहीत, त्याला आम्ही काय करणार? घालत नाहीत हे खरं. पण वर जाऊन पाहिलं तर बेल्टचा हूक अडकवायला काही नसतं. स्वतंत्र लाइफलाइन दोरी सोडलेली नसते, म्हणून हूक परांचीच्याच बांबूला लावायचा, म्हणजे परांचीबरोबर आपणही खाली. शिवाय भिंतीवर दर चार फुटांनी सरकायचं काम, आणि मजुरी चौरस फुटावर. प्रत्येक सरकण्याला हूक काढा-लावा करणारा गवंडी संध्याकाळी कमी पैसे घेऊन जातो. त्याने बेल्ट काढून ठेवला तर तो बेफिकीर म्हणून नव्हे, त्याला दिलेल्या हिशोबाला धरूनच. मुळात बेल्ट हा शेवटचा उपाय आहे. त्याच्या आधी कामाच्या टप्प्यावर फळ्या सलग हव्यात, मध्ये पाय जाईल अशी फट नको, बाहेरच्या बाजूने सुमारे मीटरभर उंचीचा कठडा हवा आणि कडेला उभी फळी हवी. ही कडेची फळी सगळ्यात आधी गाळली जाते. वीस मीटरवरून सुटलेली हातोडी खाली पोचते तेव्हा तिचा वेग तासाला सत्तर किलोमीटरच्या पुढे गेलेला असतो, आणि खाली शाळेच्या बसची वाट पाहत मुलं उभी असतात. प्रवेशद्वारावरचं पत्र्याचं छत म्हणून हवं.

छोट्या कामांना, एखाद्याच घराच्या गळतीला, पूर्ण परांची परवडत नाही हे मान्य. तिथे गच्चीवरून सोडलेला यांत्रिक झुला किंवा प्रशिक्षित दोरीवाले हा योग्य मार्ग. फक्त झुल्याचा भार जुन्या पॅरापेटच्या भिंतीवर नको, आणि प्रतिभाराची वजनं रोज मोजलेली असावीत. लाकडी फळीला दोर बांधून रंगाऱ्याला लटकवणं हा यातला कुठलाच प्रकार नव्हे.

स्वतंत्र परांची ठेकेदाराकडून मी जे मागते त्यात सगळ्यात महत्त्वाचं एक सहीचं पान आहे. परांची बांधून झाल्यावर तिची पाहणी करून, 'वापरास योग्य' अशी नावानिशी सही, आणि मगच पहिला गवंडी वर. ब्रिटनमध्ये अशी तपासणी दर सात दिवसांनी, आणि वादळवाऱ्यानंतर पुन्हा, करावी लागते. आपण तेवढंच धरायला हरकत नाही. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात टाय किंवा कठडा काढण्याचा अधिकार परांचीवाल्याशिवाय कुणालाच नाही, हे मुकादमापासून रंगाऱ्यापर्यंत प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगावं. रंगाऱ्याला टायच्या जागेचा ठिपका रंगवायचा असतो, तो चांगल्या मनानेच टाय सोडतो, आणि परत बांधायचा राहून जातो. तो ठिपका परांची उतरवतानाच रंगवायचा असतो, हे रंगाच्या टेंडरमध्येही लिहावं लागतं. पैशांचे हप्तेही याच हिशोबाने: माल आल्यावर थोडे, सही झाल्यावर बरेच, दर आठवड्याच्या नोंदीवर भाडं.

शेवटचा हप्ता मात्र पूर्ण उतरवणीनंतर. रंग झाला की सगळ्यांना इमारत उघडी पाहायची घाई होते, भाड्याचे दिवस मोजले जातात, परांचीवाल्याला पुढची साइट बोलावत असते. याच दोन-तीन दिवसांत टाय खालून वर सोडत जाण्याची चूक होते, पाईप हातोहात न उतरवता वरून टाकले जातात आणि खालचा रस्ता अडवायला माणूस उरलेला नसतो. उतरवणं वरून खाली, एकेक थर, आणि ज्या थरावर माणसं आहेत त्याच्या खालचे सगळे टाय जागेवर. हे दोन-तीन दिवस देखरेख करणाऱ्या इंजिनिअरच्या हजेरीसह दरपत्रकात वेगळे दाखवावेत, त्यांचे पैसे वेगळे द्यावेत, आणि शेवटचा पाईप ट्रकमध्ये चढेपर्यंत आवारातलं पार्किंग मोकळं ठेवायची नोटीस आठवडाभर आधी लावावी.